वाचकांचे प्रश्न : मुलगा आहे म्हणून, मुलगी आहे म्हणून

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य वारंवार आलं आहे. ‘मुलगा आहे ना, चालायचंच’, नाहीतर ‘मुलगी आहे, म्हणून असेल’. काही पत्रांत हे वाक्य अगदी बरोबर आहे, तर काहींमध्ये त्याच्या आडून खरी अडचण निसटते आहे. उत्तरांतले वयाचे आकडे सरासरीचे आहेत. महिनाभर इकडेतिकडे झालं तर घाबरू नका.

प्रश्न : आमची जुळी २१ महिन्यांची आहेत, एक मुलगा, एक मुलगी. मुलगी ‘बाबा गेले’, ‘पाणी दे’ असं जोडून बोलते. मुलाचे सगळे मिळून आठ शब्द. घरातली मोठी माणसं म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. थांबू का?

मुली बोलण्यात सरासरीने पुढे असतात, हे खरं. पण हा फरक साधारण एक-दोन महिन्यांचा असतो. तुमच्या दोघांमधलं अंतर त्याहून मोठं दिसतंय, त्यामुळे ते सगळं ‘मुलगा आहे’ यावर ढकलता येणार नाही. जुळी मुलं थोडी उशिरा बोलतात हेही खरं आहे, पण ते बहिणीलाही लागू होतं.

शब्द मोजण्याआधी तीन गोष्टी तपासा. हवी असलेली वस्तू तो बोटाने दाखवतो का, आणि एखादी गंमत दिसली की तुम्हीही बघावी म्हणून तिकडे बोट करतो का? हाताने किंवा डोळ्यांनी काहीही खूण न करता ‘बॉल आण’ म्हटलं तर आणतो का? तो खेळात गुंग असताना मागून हलक्या आवाजात हाक मारली तर वळतो का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायला हरकत नाही. तोपर्यंत सुमारे ५० शब्द आणि दोन शब्द जोडणं यायला हवं. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वर्षाचं होऊनही बाळ बडबडत नाही किंवा बोट दाखवत नाही, १६ महिन्यांना एकही शब्द नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, तर मुलगा-मुलगी हा विचार बाजूला ठेवून तपासणी करायची.

पहिली तपासणी कानांची. ‘दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ हा समज बऱ्याच मुलांचे महिने खातो. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर मोठे आवाज ऐकू येतात, पण ‘स’, ‘त’, ‘फ’ असे हलके आवाज बोळा घातल्यासारखे पुसट होतात. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या टिंपॅनोमेट्रीला मुलाने काही उत्तर द्यायची गरज नसते. दोन-चार मिनिटांत काम होतं.

घरी एक बदल आजपासूनच करा. बहीण त्याच्या वतीने बोलत असणार, आणि त्यामुळे त्याला बोलायची गरजच पडत नसणार. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी खेळा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, कमी बोला आणि प्रत्येक वाक्यानंतर मनात दहापर्यंत मोजून थांबा. तो ‘गाडी’ म्हणाला तर तुम्ही ‘लाल गाडी’ म्हणा. त्याच्या शब्दात एकाच शब्दाची भर. ‘म्हण बघू गाडी, म्हण ना’ असं मागे लागलात तर तो गप्प होईल. बोलण्याच्या अडचणी मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त आढळतात. म्हणून मुलगा उशिरा बोलत असेल तर तपासणी लवकर व्हायला हवी. घरोघरी मात्र नेमकं उलटं होतं.

प्रश्न : मुलगी ९ महिन्यांची, वजन ७.६ किलो. जावेचा मुलगा तेवढाच आणि ९ किलोचा. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मुलीचं वजन अगदी खालच्या रेषेजवळ दिसतंय.

आधी अ‍ॅपमध्ये ‘मुलगी’ निवडलंय का ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे जे तक्ते काढले, ते मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगवेगळे आहेत. ९ महिन्यांना मधली रेषा मुलग्यांची ८.९ किलो आहे आणि मुलींची ८.२. तक्त्यातली १५ ची रेषा म्हणजे शंभरातल्या १५ मुली त्याहून हलक्या, ५० ची म्हणजे मधली. त्यामुळे ७.६ हा आकडा मुलींच्या तक्त्यावर १५ आणि ५० या रेषांच्या मध्ये बसतो, म्हणजे काळजी करण्यासारखं काही नाही. हाच आकडा चुकून मुलग्यांच्या तक्त्यावर टाकला तर तो ३ आणि १५ च्या मध्ये घसरतो आणि घरात उगाच धावपळ सुरू होते.

हे अंतर पुढे मिटत जातं. जन्माच्या वेळी मधलं वजन मुलग्यांचं ३.३ आणि मुलींचं ३.२ किलो, वर्षाला ९.६ आणि ८.९, पाच वर्षांना १८.३ आणि १८.२.

एका आकड्यावरून काहीही ठरवू नका. एकाच काट्यावर, कपडे आणि डायपर काढून, महिन्याच्या अंतराने तीन वेळा वजन करा. ओला डायपर सहज पाव किलोच्या घरात जातो. तीन ठिपके जोडल्यावर रेष तक्त्यातल्या रेषांना समांतर चालली असेल तर मूल लहान चणीचं आहे, इतकंच. ती दोन मुख्य रेषा ओलांडून खाली आली असेल तर दाखवा. उंचीतही अशीच एक गफलत होते. दोन वर्षांपर्यंत मुलाला झोपवून मोजतात, नंतर उभं करून. झोपवून मोजलेली लांबी सुमारे ०.७ सेंमी जास्त भरते. त्यामुळे दोन वर्षांच्या आसपास मूल ‘आखडलं’ असं वाटतं, पण खरंतर फक्त मोजायची पद्धत बदललेली असते.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा झाला, अजून रात्री अंथरूण ओलं करतो. त्याची ताई चौथ्या वर्षीच कोरडी राहायला लागली होती. आळशीपणा म्हणावा का?

आळशीपणाचा इथे काही संबंध नाही, कारण हे झोपेत घडतं. रात्री अंथरूण ओलं करणं मुलग्यांमध्ये मुलींच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. रात्री लघवी कमी तयार करणारं संप्रेरक पुरेसं वाढलेलं नसतं, मूत्राशय लहान असतं किंवा ते भरल्याचा निरोप गाढ झोपेतल्या मेंदूपर्यंत पोचत नाही. आई-वडिलांपैकी कोणाला लहानपणी हा त्रास होता का, ते घरात विचारून बघा. बऱ्याचदा असतो.

मूत्राशयाची क्षमता घरी मोजता येते. वयात एक मिळवून ३० ने गुणा. सात वर्षांच्या मुलासाठी ८ × ३० = २४० मिली. सुट्टीच्या दिवशी त्याला मोजपात्रात लघवी करायला सांगा आणि दिवसातला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा (सकाळची पहिली लघवी सोडून). तो १६० च्याही खाली असेल तर मूत्राशय लहान पडतंय. मग दिवसा दर दोन-अडीच तासांनी, घाई नसतानाही, लघवीला पाठवायचं. पाणी कमी करू नका, त्याची वेळ बदला. बहुतेक पाणी संध्याकाळपर्यंत पिऊन व्हावं आणि झोपण्याआधीचे दीड-दोन तास फक्त घोटभर. शी कडक होते का तेही पाहा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, आणि बद्धकोष्ठ सुटल्यावर काही मुलांचं अंथरूण आपोआप कोरडं राहू लागतं. एवढं करून फरक पडला नाही तर ओल लागताच वाजणारा गजर वापरतात. तो सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन महिने लावावा लागतो. सुरुवातीला गजराने मूल सोडून बाकी सगळं घर जागं होतं. तरी तुम्हीच उठून त्याला पूर्ण जागं करून संडासात न्यायचं. या टप्प्यावर कंटाळून गजर बंद केला जातो, आणि मग ‘गजराचा उपयोग होत नाही’ असं ठरतं.

सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, लघवी करताना दुखतं, तहान फार लागते किंवा दिवसाही कपडे ओले होतात, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. दिवसा थेंब-थेंब गळणं आणि लघवी दाबून धरणं हे शाळेच्या वयात मुलींमध्ये जास्त दिसतं. शाळेतली अस्वच्छ स्वच्छतागृहं टाळण्यासाठी पाय दुमडून टाचेवर बसणारी मुलगी तुमच्या पाहण्यात असेल, तर तिच्याकडेही तितकंच लक्ष हवं.

प्रश्न : पहिली मुलगी, आता मुलगा झालाय. त्याच्या अंगाची स्वच्छता कशी ठेवायची? पुढची कातडी रोज मागे ओढून धुवायची असं एकीने सांगितलं.

ओढू नका. जन्मतः ती कातडी आतल्या भागाला चिकटलेलीच असते आणि काही वर्षांत हळूहळू सुटते. काही मुलग्यांमध्ये ती वयात येईपर्यंत पूर्ण सुटत नाही, तेही चालतं. जोर केला तर बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी आवळते आणि नसलेला आजार आपण तयार करतो. बाहेरून कोमट पाण्याने धुणं पुरे. ती सहज मागे जायला लागली की त्याला स्वतःला धुवायला शिकवा, आणि धुऊन झाल्यावर कातडी पुन्हा पुढे आणायचीच, हेही सांगा. ती मागे अडकली आणि सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अंघोळीच्या कोमट पाण्यात असताना दोन्ही वृषण पिशवीत हाताला लागतात का तेही पाहा. सहा महिन्यांपर्यंत एखादा खाली आला नसेल तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा. शस्त्रक्रिया लागलीच तर ती साधारण दीड वर्षाच्या आत करून टाकतात. ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून थांबलं तर वृषणाचं नुकसान होतं.

मुलीच्या बाबतीत पुसण्याची दिशा पुढून मागे, आणि आतल्या भागात साबण नाही. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे पहिल्या वर्षानंतर लघवीचा संसर्ग त्यांना जास्त होतो. नुसता ताप आहे, सर्दी-खोकला नाही, असं झालं की लघवी तपासून घ्या.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सतत अंगावर उड्या, ढकलाढकली. चौथ्या वर्षी मुलग्यांमध्ये पुरुषी संप्रेरक एकदम वाढतं, असं वाचलं. खरं का?

खोटं आहे. टेस्टोस्टेरॉन मुलग्यांमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वाढतं, साधारण सहा महिन्यांपर्यंत ओसरतं आणि मग वयात येईपर्यंत अगदी तळाशी राहतं. चौथ्या वर्षी काहीही उसळत नाही.

धसमुसळा खेळ मुलग्यांमध्ये सरासरीने जास्त असतो हे मात्र खरं आहे, आणि तो निरनिराळ्या समाजांत दिसतो. मारामारी आणि मस्ती यांतला फरक चेहऱ्यावर वाचता येतो. मस्तीत चेहरा हसरा असतो, वर-खाली आलटून-पालटून होतं आणि खेळ संपल्यावर दोघं एकत्रच राहतात. मारामारीत मुठी आवळलेल्या असतात, एकच जण सतत खाली असतो आणि संपल्यावर एक जण निघून जातो. मस्ती थांबवू नका, तिला नियम घाला. मान आणि डोकं सोडून, जमिनीवरच, आणि कोणीही ‘थांब’ म्हटलं की त्या क्षणी हात मागे. ‘थांब’चा नियम आधी तुम्ही त्याच्याशी कुस्ती खेळताना पाळून दाखवा. रोज तासभर तरी दमवणारं धावणं-चढणं मिळत नसेल तर तो ते सोफ्यावर वसूल करणारच.

या प्रश्नातला थोडा भाग मात्र मुलात नसून बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. १९७६ सालच्या एका प्रयोगात बाळ दचकून रडत असल्याची एकच चित्रफीत लोकांना दाखवली. ‘मुलगा आहे’ असं सांगितलेल्यांना ते बाळ जास्त करून चिडलेलं वाटलं, ‘मुलगी आहे’ असं सांगितलेल्यांना घाबरलेलं. २००० साली ११ महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती उताराची घसरंडी रांगत उतरेल? मुलांच्या आयांनी जास्त सांगितलं, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्ष उतरण्यात फरक निघाला नाही. तुमच्या घरात लहान मुलगी असती आणि तिने अशाच उड्या मारल्या असत्या, तर तिला कितव्या उडीला थांबवलं असतं, एवढं मोजून बघा.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा बाहुलीला झोपवतो, जेवू घालतो. सासरे नाराज आहेत.

बाहुलीशी खेळताना मूल क्रम लावायला, बोलायला आणि दुसऱ्याच्या गरजा ओळखायला शिकतं. मुलीने ठोकळे रचले तर जागेचा आणि आकाराचा अंदाज वाढतो. दोघांना दोन्ही द्या. आपण मुलगा की मुलगी हे मुलं अडीच-तीन वर्षांत सांगू लागतात, पण ते कपड्यांनी किंवा खेळण्याने बदलत नाही, हे सहा-सात वर्षांपर्यंत पक्कं होत नाही. म्हणूनच पाचव्या वर्षी हाच मुलगा स्वतःहून ‘हे मुलींचं आहे’ म्हणत बाहुली फेकून देईल, तेव्हा तेही फार मनाला लावून घेऊ नका. सासरेबुवांना त्या बाहुलीचे डॉक्टर करा. खेळात सामावून घेतलं की नाराजी टिकत नाही.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, शांत, शिक्षकांची तक्रार नाही. पण वस्तू हरवते, अर्धा गृहपाठ विसरते, वाचता वाचता कुठेतरी हरवते. दंगा करत नाही, म्हणजे अतिचंचलता नसणार ना?

तसं म्हणता येणार नाही. लक्ष न टिकण्याच्या विकारात उड्या मारणं हा एक प्रकार झाला. नुसतं लक्ष निसटणं हा दुसरा, आणि मुलींमध्ये तो जास्त दिसतो. शांत मुलगी वर्गात कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती घरी दुप्पट वेळ बसून गुण टिकवते, आणि इयत्ता वाढून अभ्यासाचा पसारा वाढला की एकदम कोलमडते.

निदानासाठी लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळची, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी हवीत. म्हणून आधी दोन आठवडे नोंद ठेवा. काय विसरली, किती वाजता, आधी किती वेळ बसली होती. वर्गशिक्षकांनाही वेगळी नोंद ठेवायला सांगा. डोळे, कान आणि झोप तपासून घ्या. घोरणारं किंवा नऊ तासांपेक्षा कमी झोपणारं मूलही असंच दिसतं. मग बालविकासतज्ज्ञ. तोवर एका वेळी एकच सूचना द्या, आणि दप्तर रात्रीच, तिच्याच हाताने, चित्रांच्या यादीवर खुणा करत भरून घ्या.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, १५० सेंमी. मुलगा १३ वर्षांचा, १४८ सेंमी. धाकटी पुढे गेल्यापासून मुलगा भिंतीपाशी उभा राहायला तयार नाही. मुलीची पाळी अजून आलेली नाही. मी १५८, तिचे बाबा १७२.

हे वयाचं गणित आहे, आणि ते नीट समजलं तर मुलालाही सांगता येईल. मुलींमध्ये छातीची वाढ ८ ते १३ या वयात कधीही सुरू होते, मुलग्यांमध्ये वृषणांची वाढ ९ ते १४ मध्ये. म्हणजे सुरुवातीत अंतर एखाद्या वर्षाचंच. पण मुलींची उंची या बदलांच्या सुरुवातीलाच उसळी घेते, मुलग्यांची मध्यावर आल्यावर. त्यामुळे उंचीच्या उसळीत अंतर दोन वर्षांचं पडतं. मुली साधारण बाराव्या वर्षी वर्षाला ८ सेंमीच्या आसपास वाढतात, मुलगे चौदाव्याच्या आसपास ९ ते १० सेंमी. उसळीच्या आधी मुलग्यांचा वेग थोडा मंदावतोसुद्धा. तुमचा मुलगा बहुधा त्या मंद टप्प्यात आहे आणि मुलगी उसळीत.

मोठेपणी अंदाजे किती उंची होईल? मुलासाठी आई-वडिलांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे करा : (१५८ + १७२ + १३) ÷ २ = १७१.५. मुलीसाठी १३ वजा करून निम्मे : १५८.५. दोन्हीकडे साडेआठ सेंमी कमी-जास्त धरा. मुलगा १६३ ते १८०, मुलगी १५० ते १६७. ते १३ सेंमी कुठून येतात? मुलगे उसळी घेण्याआधी दोन वर्षं जास्त वाढतात आणि त्यांची उसळीही थोडी मोठी असते. पाळी सुरू झाल्यावर मुली साधारण ५ ते ७ सेंमीच वाढतात, हे मुलीलाही आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर सोळाव्या वर्षी तक्रार तिची येईल.

मोजताना अनवाणी, टाचा-कुल्हे-पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक काटकोनात आणि वेळ नेहमी सकाळची. संध्याकाळपर्यंत मणक्यातल्या चकत्या दबून सेंटिमीटरभर उंची कमी भरू शकते. दर महिन्याला मोजू नका, मोजण्यातली चूकच वाढीएवढी असते. सहा महिन्यांनी मोजा, आणि दोघांना वेगवेगळ्या खोलीत. वर्षाला ४ सेंमीहून कमी वाढ असेल, किंवा चौदा पूर्ण होऊनही वृषणांची वाढ सुरू नसेल तर दाखवा. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. ते खऱ्या वयापेक्षा मागे असेल आणि वडील किंवा मामाही उशिरा वाढले असतील, तर सहसा थांबणं एवढाच उपचार असतो. मुलीच्या बाबतीत तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ नाही किंवा पंधराव्यापर्यंत पाळी नाही, तर तपासणी. उलट बाजूने, मुलीत आठच्या आधी आणि मुलग्यात नऊच्या आधी बदल दिसले तर लगेच. मुलग्यात इतक्या लवकर सुरुवात झाली तर मागे काही आजार असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त असते.

उंची वाढवणाऱ्या पावडरी घेऊ नका. लोंबकळल्याने हाडं लांबत नाहीत. खांदे मजबूत होतात, तेवढा फायदा घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. एका स्तनाग्राखाली दुखरी गाठ लागते. तो शर्ट काढायला लाजतो.

वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांना हे होतं, कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे. संप्रेरकांचं प्रमाण स्थिरावलं की सहसा एक-दोन वर्षांत आपोआप जातं. दाबून बघू नका, त्याने दुखणं वाढतं. पोहायला जाताना सैल टी-शर्ट घालू द्या. गाठ स्तनाग्राच्या खाली नसून बाजूला असेल, दगडासारखी कडक असेल, स्राव येत असेल, किंवा वृषणांची वाढ सुरू होण्याआधीच ती आली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मुलींमध्येही छातीची वाढ अनेकदा आधी एकाच बाजूला दुखऱ्या गाठीने सुरू होते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. त्या गाठीचा तुकडा तपासायला काढू देऊ नका. तो वाढणारा स्तनच असतो.